मोर्शीहून आलेला देव्हारा

बाबा,

तुमच्याशी भांडायचं आहे, पण कशावरून ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही होता तेव्हा भांडायची सोयच नव्हती. तुम्ही आवाज चढवायचाच नाहीत. काटकोन तपासायचा गुण्या उचलायचात, समोरच्या लाकडाला लावायचात, एक डोळा मिटून बघत बसायचात, आणि आपण काय बोलत होतो ते समोरचा माणूसच विसरायचा. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला मुद्दाम आठवावा लागतो. आणि भांडण सापडलं आहे ते आत्ता. उशिराच म्हणायचं, पण त्यात माझा काय दोष?

मागच्या अंगणातला तुमचा टिनाचा शेड आता माझा आहे. तुम्ही अकोल्याच्या वर्कशॉपातून शनिवारी घरी यायचात आणि रविवारभर या शेडात काम करायचात. मी आठवडाभर इथेच असते. उन्हाळ्यात टिन इतकं तापतं की कूलरही गरम वारा फेकतो, आणि भुसा घामाला चिकटून अंगावर दुसरं कातडं येतं. कोचिंग क्लाससाठी बाहेरगावाहून आलेल्या पोरांच्या खोल्या तुम्ही पाहिल्या नाहीत, खाट टाकली की पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यांच्यासाठी मी भिंतीला घडी होऊन बसणारी टेबलं करते. दागिन्यांच्या पेट्या करते, दारावरच्या नावाच्या पाट्या करते, रुखवतात मांडायला इवल्याशा खुर्च्या आणि पाळणे करते. लोक फोनवर फोटो पाठवतात, ताई, असंच पाहिजे. असंच कधीच होत नाही, पण त्यांना आवडतं. एक देव्हारा सोडून मी सगळं करते. दिवाळीच्या आधी फोन करणारे निम्मे लोक नेमका तोच मागतात, आणि माझं नाही ऐकून बाजारातला तयार घेऊन जातात.

तुम्ही म्हणाल, मग बरोबरच आहे. आजोबांनी, तुमच्या वडिलांनी, छप्पन साली धम्म घेतला आणि घरातले देव उचलून नदीत सोडले, ती गोष्ट मी तुमच्या मांडीवर बसून ऐकली आहे. मी विहारात जाते, पौर्णिमा पाळते, बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत आणि त्या मी मानते. पण माझा नकार तिथून आलेला नाही, बाबा. तो त्या एका शनिवारी तुमच्या हातातल्या लाकडी हातोडीतून, मोगरीतून, आला.

मी कॉलेजात होते. मागच्या गल्लीतल्या माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. तिच्या आईनं मला लहानपणापासून स्वतःच्या पोरीसारखं जेवू घातलेलं, आणि मला त्या घराला हातानं केलेलं काहीतरी द्यायचं होतं. तिला काय हवं हे मी विचारलं तर ती म्हणाली, देव्हारा कर ना, छोटासा. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. तुम्ही अकोल्याला असताना आठवडाभर मी शेडात खपले. सागाचे उरलेले तुकडे होते, त्यांचे चार खांब, खाली उथळ ड्रॉवर, आणि समोर एक कमान. कमानीवर मोर कोरायचे होते, ते काही जमेनात, म्हणून संत्र्याची पानं कोरली. शेवटच्या पानावर पटाशी घसरली आणि टोक उडालं. रडले थोडी. मग ते पान मी वाऱ्यानं दुमडल्यासारखं करून टाकलं, आणि बाकीच्या पानांपेक्षा तेच चांगलं दिसायला लागलं.

तुम्ही आलात. पिशवी खाली ठेवली आणि हात न धुताच शेडात शिरलात. तुमचा डावा हात त्या खांबांवरून फिरतो आहे, मी दाराला टेकून उभी आहे. तुम्ही गुण्या लावता. ‘काटकोन बरोबर हाय,’ म्हणता. तुमच्या तोंडून एवढं ऐकायला वर्कशॉपातल्या माणसांची हयात जात असे. मी हसते. मग तुम्ही विचारता, ‘कोनासाठी केला?’ मी सांगते. तुम्ही स्टुलावर बसता, मोगरी घेता, लाकडाला मार लागू नये म्हणून मधे एक ठोकळा धरता आणि एकेक सांधा सैल करत माझा देव्हारा सोडवून टाकता. सरस अजून ओला होता. मोडण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

‘काहून बाबा?’ मी विचारलं.

‘हे आपलं काम नोहे. माह्या बापानं देव घराबाहेर काढले तवा गावात त्याले काय काय आयकावं लागलं, तुले माईत नाही. खुर्ची कर, पेटी कर, पलंग कर. हे नाही.’

दुसऱ्या दिवशी त्याच लाकडाची तुम्ही मला पुस्तकांची मांडणी करायला लावलीत, शेजारी बसून. मैत्रिणीनं ती घेतली आणि तिच्यावर मिक्सर ठेवला. कमान कुठे गेली ते मी विचारलं नाही. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत गेली असेल असं धरून चालले.

त्यानंतर तुम्ही मला काय काय दिलंत ते मी विसरलेले नाही. बाभळीचा छोटा रंधा माझ्या मुठीच्या मापानं करून दिलात. तो अजून माझ्या हातात असतो. लाकूड विकत घेताना वास घ्यायला शिकवलंत. ‘पोरीची जात, सुतारकाम कराले लावता काय?’ असं विचारणाऱ्या काकांना तुम्ही त्यांच्याच घरातली मी केलेली खाट दाखवलीत. पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसाठी तुम्ही केलेली फळी अजून तशीच आहे, साधी, सरळ, वर छत नाही, कमान नाही. मी एकदा म्हटलं होतं, जरा नक्षी करू का? तुम्ही म्हणालात, ‘त्याईले घरात कोंडू नको.’ मला ते इतकं पटलं की पुढे मी ते लोकांना माझंच म्हणून सांगायला लागले. म्हणजे बघा, मी नुसती ऐकणारी नव्हते. मी तुमच्या बाजूनं वाद घालत हिंडणारी होते.

आणि गेल्या पंधरवड्यात मोर्शीची ती म्हातारी आली.

ऑटोतून उतरली, मागून ऑटोवाल्यानं चादरीत बांधलेलं धूड उचलून आणलं. मुलानं अमरावतीत फ्लॅट घेतला, शेती बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिली आणि आईला इकडे आणलं. सामान हलवताना देव्हाऱ्याचा पाय मोडला, असं तिनं फाटकातच सांगितलं. मी म्हटलं, ‘आजी, मी देव्हाऱ्याचं काम नाही करत.’

‘अवं, नवा कुठं मांगून राहिली मी? सुनेनं संगमरवराचा आनला, तो हाय तिथं चकचक करत. मले हाच पाह्यजे. तुह्या टेबलाचे फोटू पाह्यले फोनमंधी, म्हून आली. देव काढून आनला, बाई. रिकामा हाय. पाय बसवून दे फक्त.’

मी परत नाही म्हणणार होते. तेवढ्यात ऑटोवाल्यानं चादर सोडली. समोर कमान होती. संत्र्याची पानं, आणि कडेचं ते दुमडलेलं पान.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. खाली बसले असेन, कारण पुढचं आठवतं ते ड्रॉवर बाहेर ओढून त्याच्या तळाकडे बघताना. तळाला तुम्ही कधी काचपेपर मारायचा नाहीत, तिथे रंध्याच्या पुसट खुणा उलट्या तिरकस राहायच्या, डावखुऱ्या माणसाच्या. त्या होत्या. खांब तुमचे, ड्रॉवर तुमचा, कळस तुमचा. कमान तेवढी माझी. जिथे ती तुमच्या खांबांना कमी पडत होती तिथे दोन्ही बाजूंनी तुम्ही सागाच्या बारीक पट्ट्या जोडल्या होत्या, इतक्या बेमालूम की नख लावल्याशिवाय कळू नयेत.

म्हातारी स्टुलावर बसून पदरानं वारा घेत होती. मी विचारलं, हा कोणी केला?

‘अकोल्याच्या वर्कशॉपात होता एक मिस्त्री, तुमच्या इथलाच, अमरावतीचा. सुट्टी काढून आमच्या नव्या घराचे दारं-खिडक्या कराले आला होता. होळीच्या आगंमागं. मोठा मायाळू मानूस. आमी त्याले वेगळा कप नाही ठेवला, बरं.’

हे मी तिला विचारलं नव्हतं. ती पुढे बोलत राहिली.

‘माह्या सासऱ्यानं त्याले म्हटलं, मिस्त्री, जाता जाता एक देव्हारा करून द्या. मंग सासऱ्यालेच वाटलं, का याले कसं सांगाव? म्हने, तुमी तं जयभीमवाले, तुमाले चालते का? तं तो म्हने, मी तं पेटीच करून राहिलो, पाटील. तिच्यात काय ठेवाचं ते तुमचं तुमी पाहा. सासरा असा हसला, असा हसला! पुढच्या सुट्टीले हे कमान घेऊनच आला तो. सासरा म्हने, नक्षी लई झ्याक काढली. तं म्हने, माही नोहे, माह्या पोरीची हाय. तिचा हात माह्याहून साफ हाय. चार मानसाईत सांगे तो.’

बाबा, मी तिला सांगितलं, ती पोरगी मी. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, फार आश्चर्य वाटल्यासारखं नाही, आणि म्हणाली, ‘मंग तं तुले येईनच हा पाय बसवाले.’

मी देव्हारा ठेवून घेतला. तेव्हापासून तो शेडात आहे आणि मी त्याच्याभोवती फिरते आहे. पाय बसवणं सोपं होतं, खाचेत अडकलेला जुन्या कुसवाचा मोडका तुकडा पटाशीनं काढला, नवा घडवला, पाचर मारली, झालं. सकाळच्या चहाआधी होईल एवढं काम. पण त्यापुढचं काही मला सुटत नाही. पेटीच होती म्हणता? मग माझीही पेटीच होती की! मलाही तेच म्हणता आलं असतं तुम्हाला. मोर्शीच्या पाटलाला हसत सांगायला जमलं, आणि स्वतःच्या पोरीला मात्र आजोबा, गाव, अपमान, सगळं एका दमात सांगून गप्प केलंत. त्यातलं खरं कोणतं? माझ्यापुढे जे होतात ते खरे, की त्यांच्यापुढे?

कधी वाटतं, तुम्ही वरमला होतात. माझा देव्हारा सोडवला ते तुमच्या मनाला लागलं, कमान जपून ठेवलीत आणि मिळाली तशी जागा तिला दिलीत. मग दुसरं वाटतं, सुतार चांगलं लाकूड फेकत नाही, एवढंच असेल. कमान हवी होती, फळीवर पडलेली होती, लावली. तिसरं वाटतं ते मला आवडत नाही. पाटलाच्या ओसरीवर, त्या लोकांच्या घरात, नाही म्हणायची तुमची छातीच झाली नसेल. असं वाटलं की लगेच मला त्या म्हातारीचा राग येतो, तिनं बिचारीनं काय केलं आहे? आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट आहे जी मला सारखी हसवते, काम करता करता मधेच हसवते, आणि तिची मला लाजही वाटते. माझा हात तुमच्याहून साफ आहे असं तुम्ही चार माणसांत म्हणालात. हे मला का नाही सांगितलंत हो? मी ‘काटकोन बरोबर हाय’ एवढ्यावर आयुष्य काढलं.

आईला दाखवायचा नव्हता. पण ती काठी टेकत शेडात आलीच. तिला आता ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.

‘हे काय आनलं घरात?’

‘दुरुस्तीले आला,’ मी ओरडून सांगितलं. ‘बाबाचा हाय.’

‘त्याईचा नसंन. त्याईनं केलाच नाही कधी.’

मी तिचा हात धरून ड्रॉवरच्या तळावर फिरवला. ती त्या उलट्या खुणांवर बोटं ठेवून उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, ‘मोर्शीहून पोतंभर संत्रे आनले होते एक डाव. मी म्हटलं कोनं देल्ले? तं म्हने, लोक चांगले हायेत.’ मग कमानीकडे पाहून, ‘हे तं तुही हाय ना?’

मी मान हलवली. म्हटलं, ‘आई, मले नाही म्हटलं अन् त्याईले करून देल्ला. असं काहून?’

‘मले काय माईत? मले कुठं सांगतलं?’ ती चिडलीच. तिलाही ते माझ्यासोबतच कळत होतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, ‘बाहेर कोनाले नाही म्हनता ये नाही तुह्या बापाले. नाही म्हनाची सारी हौस घरातच भागवली.’

त्यावर मी खूप हसले. ती हसली नाही. संध्याकाळी तिनं तुमच्या फळीवर मेणबत्ती लावली तेव्हा मी बघत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी होती. काय म्हणाली कोण जाणे. भांडली असेल तर बरंच आहे, माझ्या वाटणीचंही थोडं झालं असेल.

आता माझ्यापुढे प्रश्न आहे तो साधा आहे आणि मला तोच उलगडत नाही. इतकी वर्षं मी जे नाही म्हणत आले ते कोणाचं होतं? तुमचं होतं असं समजून मी ते सांभाळलं, त्यापायी काम सोडलं, लोकांना तोडून बोलले, चालून आलेलं काम का नाकारतेस म्हणणाऱ्या नवऱ्याशी वाद घातले. तुमचं नव्हतंच, तर ते आता माझं आहे का? देव्हारे करायला लागू का? करायचे म्हटले तर हात शिवशिवतात, खोटं नाही बोलत; कमान कोरायला मिळेल एवढ्यासाठीसुद्धा. आणि लगेच आजोबा आठवतात, ज्यांना मी पाहिलंही नाही, नदीच्या पाण्यात गुडघाभर उभे. त्यांनी हे सगळं अंगावर घेतलं ते काय मी पुन्हा तेच घडवावं म्हणून? त्यांचा विचार केला की माझा नकार मला पुन्हा खरा वाटतो. तुमचा विचार केला की सगळं सैल होतं, ओल्या सरसासारखं.

काल दुपारी एक जोडपं आलं. नवंच लग्न झालेलं, मुलगी नांदगाव खंडेश्वरकडची, मुलगा इथे कुठल्याशा ऑफिसात. स्कूटीवरून उन्हात आली होती, मी पाणी दिलं. माझं घडीचं टेबल त्यांनी कोणाकडे तरी पाहिलं होतं. मुलगी फार गोड. म्हणाली, ‘ताई, आमाले देव्हारा पाह्यजे. सागाचा, तुमच्या हातचा. घाई नाही. तुमी म्हनान तवा द्या.’

मला हो म्हणायचं होतं. की नाही म्हणायचं होतं? ठरलं नव्हतं एवढं खरं. तोंड उघडलं तोपर्यंतही ठरलं नव्हतं. आणि तोंडातून आलं ते असं: ‘नाही गं बाई. आमच्या बाबानं आयुष्यात एकही देव्हारा केला नाही. म्हून मीही नाही करत.’

ठासून म्हटलं, बाबा. तुमचा देव्हारा माझ्या पाठीशी बेंचवर उभा होता. वर आईचं जुनं लुगडं टाकलं होतं, पण ते पुरलं नव्हतं, आणि कळस बाहेर निघाला होता. त्या मुलीनं कळसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ‘बरं ताई,’ म्हणाली, पाण्याचा ग्लास नीट कट्ट्यावर ठेवला, आणि दोघं गेली. फाटकाबाहेर तिचं हसणं ऐकू आलं. हसणारच ती, मीही हसले असते.

उद्या मोर्शीची म्हातारी तो न्यायला येईल, आणि हा कागद मी चुलीत घालीन की नुसताच कुठे ठेवीन, ते मला माहीत नाही. तुम्हाला तो मिळायचा नाही म्हणून एक सांगून टाकते. ते खोटं मी तत्त्वासाठी बोलले नाही, आजोबांसाठीही नाही. कोणी तुम्हाला हसू नये, एवढ्यासाठी बोलले. राग अजून गेलेला नाही.